खारबंदिस्तीपासून गृहविम्यापर्यंत : रायगड किनाऱ्यावरील पूरजोखमीच्या वाटणीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

पुराचा इतिहास लिहिताना पाण्याची उंची, पावसाचे मान आणि मृतांची संख्या ह्यांची नोंद आवर्जून केली जाते. पाणी ओसरल्यानंतर नुकसानीचा भार कोणी उचलला, ह्या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने थोडे गेले आहे. वस्तुतः समाजाची घडण समजून घेण्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. पूर ही निसर्गाची घटना असली, तरी नुकसानीची वाटणी ही माणसांनी घडविलेली व्यवस्था असते. आणि अशी प्रत्येक व्यवस्था कोणाला तरी तारते व कोणाला तरी उघड्यावर सोडते.

ह्या प्रश्नाच्या अभ्यासास रायगड जिल्ह्याचा किनारा, म्हणजे १ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा, विशेष सोयीचा आहे. येथे पाण्याचे भय दुहेरी आहे. एकीकडून समुद्राचे उधाण खाड्यांच्या वाटेने आत शिरते. दुसरीकडून सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री ह्या आखूड पण वेगवान नद्यांतून काही तासांत खाली उतरतो. उधाण आणि नदीचा लोंढा ह्यांची गाठ पडली, की खाडीच्या तोंडाशी पाण्याचा निचरा थांबतो आणि वस्ती बुडते. ह्या दुहेरी भयाला तोंड देण्याच्या तीन रीती किनाऱ्यावर कालानुक्रमाने दिसतात : सामुदायिक बांध, सरकारी मदत आणि विमा. ह्या तिन्ही रीतींची बलस्थाने व उणिवा तपासल्या असता आजच्या घरमालकाने पूरविम्याचा विचार का करावा, ह्याचे उत्तर इतिहासातूनच मिळते.

२. गलबताची जोखीम आणि घराची जोखीम

विम्याची कल्पना पश्चिम किनाऱ्याला परकी नव्हती. व्यापारी हुंड्यांच्या प्रकारांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार प्रसिद्ध आहे. माल गलबतावर चढविणारा व्यापारी माल घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिही व ती सराफाला विकून रोख पैसा उभा करी. माल सुखरूप पोचला तरच ती हुंडी वटे. गलबत बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचा पैसाही बुडे. अर्थात हुंडीच्या भावातच जोखमीचे मोल धरलेले असे. हा एकाच वेळी पतव्यवहार होता आणि सागरी विमाही होता.

येथे एक विरोधाभास जाणवतो. खाडीतून बाहेर पडणाऱ्या मालाच्या जोखमीला बाजारात मोल होते. त्याच खाडीच्या काठावरील घराच्या जोखमीला कोणी गिऱ्हाईक नव्हते. ह्याचे कारण व्यापाऱ्यांच्या अनास्थेत शोधणे चुकीचे ठरेल. ते जोखमीच्या स्वरूपातच आहे. दहा गलबते दहा दिशांना गेली, तर सगळी एकाच वादळात सापडण्याचा संभव थोडा असतो. नऊ गलबतांवरील नफ्यातून दहाव्याचे नुकसान भरून निघते. खाडीकाठची दहा घरे मात्र एकाच रात्री, एकाच पाण्याने बुडतात. जे एकत्र बुडतात त्यांना एकमेकांचे नुकसान भरून देता येत नाही. विमाशास्त्राचे हे मूलतत्त्व किनाऱ्यावरील शेतकऱ्यांना शास्त्र म्हणून नव्हे, तर अनुभव म्हणून ठाऊक असले पाहिजे. कारण त्यांनी जी व्यवस्था उभारली ती नुकसान भरून देण्याची नसून नुकसान टाळण्याची होती.

३. शिलोत्री पद्धती

ती व्यवस्था म्हणजे खारबंदिस्ती. भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाजणे मातीचे बांध घालून समुद्रापासून तोडावयाची, पावसाच्या पाण्याने तिच्यातील खारटपणा धुऊन काढावयाचा, आणि मग तेथे भात पिकवावयाचे, हा उद्योग पेण, अलिबाग व त्यांच्या आसपासच्या खाडीकाठांवर दीर्घकाळ चालत आला आहे. बांधात ठेवलेल्या उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडले जाई व भरतीचे पाणी अडविले जाई. शेती ह्या बांधाच्या आश्रयाने उभी राहिली आणि तिच्या मागोमाग वस्तीही.

ह्या जमिनींच्या धारणेचे वर्णन १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आढळते. शिलोत्री ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धारणेत बांध घालून जमीन उठविणारा शिलोत्रदार हा बांधाच्या देखभालीस बांधलेला असे. सरकारी साऱ्याखेरीज कुळांकडून बिघ्यामागे ठराविक धान्य घेतले जाई. ‘शिलोत्री मण’ ह्या नावाने ओळखले जाणारे हे धान्य बांधाच्या दुरुस्तीसाठी असे. दुसरा प्रकार कुलारगी शिलोत्रीचा. त्यात कुळांनीच एकत्र येऊन, प्रत्येकाने घातलेल्या श्रमांच्या प्रमाणात जमीन वाटून घेण्याच्या बोलीवर, खाजण उठविलेले असे. तेथे बांध राखण्याचा भार कुळे स्वतःच वाहत. त्यामुळे त्यांच्याकडून शिलोत्री मण घेतला जात नसे. अलिबागेकडे बांधावर सामुदायिक श्रम करण्याच्या ह्या रीतीला ‘जोळ’ हे नाव रूढ आहे. उधाणाने बांधाला खांड पडली, की ती पुढच्या भरतीच्या आत बुजविण्यासाठी घरटी माणूस हजर राहावयाचा, हा तिचा गाभा.

आधुनिक परिभाषेत बोलावयाचे तर शिलोत्री मण हा हप्ता होता. मात्र त्याच्या मोबदल्यात मिळणारी वस्तू भरपाई नसून संरक्षण ही होती. हा भेद महत्त्वाचा आहे. बांध शाबूत असेपर्यंत ही व्यवस्था कोणत्याही विम्याहून श्रेष्ठ होती, कारण तिने नुकसान होऊच दिले नाही. पण बांध फुटला, की तिच्यापाशी देण्यासारखे काही उरत नसे. खारे पाणी शिरलेले शेत एका हंगामात पूर्वपदावर येत नाही. क्षार धुऊन निघण्यास अनेक पावसाळे जावे लागतात. ज्या वर्षी मदतीची गरज सर्वांत मोठी, नेमक्या त्याच वर्षी देणारा आणि घेणारा दोघेही सारखेच रिकामे, ही ह्या पद्धतीची मर्यादा होती.

४. बांधाची जबाबदारी कोणाची?

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाला. १८४० साली आंग्रे यांचे कुलाबा संस्थान इंग्रजी अमलात विलीन झाले. राजवटी बदलल्या तरी बांधावरील श्रमाची परंपरा टिकून राहिली. तिला खरा ताण बसला तो जमिनीवरील हक्कांच्या झगड्यामुळे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. संपाचा रोख खोत व सावकार यांच्या पिळवणुकीवर होता. खारजमिनीच्या प्रदेशात ह्या प्रश्नाला एक विशेष धार होती : समुद्राशी झुंजून जमीन राखणाऱ्या कुळाच्या वाट्याला पीक किती यावे?

स्वातंत्र्यानंतर ह्या प्रश्नाचा निकाल कायद्याने लागला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा यांनी जुने संबंध मोडले. १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली. खारजमिनींसाठीही १९४८ साली स्वतंत्र कायदा होऊन मंडळ स्थापन झाले आणि पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. बांधांची निगा ही क्रमाक्रमाने सरकारी खात्याची बाब होत गेली.

न्यायाच्या दृष्टीने हे स्थित्यंतर आवश्यकच होते, ह्यात शंका नाही. शिलोत्री पद्धतीत संरक्षणाचा खर्च भरणारा आणि लाभाचा मोठा वाटा नेणारा हे अनेकदा भिन्न होते; तिचे गुणगान करताना हे विसरून चालणार नाही. तथापि जुन्या व्यवस्थेबरोबर एक सवयही मोडली. दरवर्षी, पूर आला नसतानाही, पुराच्या नावाने काही बाजूस काढून ठेवावयाचे, ही ती सवय. बांध सरकारचा झाल्यावर खांड बुजविणेही सरकारचे झाले. दरम्यान अनेकांची उपजीविका शेताबाहेर गेली, शेतांचे घरजागांत रूपांतर झाले आणि मालमत्तेचे मोल पिकापेक्षा घरात अधिक साठू लागले. बांधाची कल्पना शेतासाठी होती. आता तिच्यामागे सिमेंटची घरे, दुकाने व वाहने उभी राहिली. जोखीम वाढली, पण जोखमीची तरतूद वाढली नाही.

५. सरकारी मदत : अनुग्रह आणि हक्क

दुसरी रीत सरकारी मदतीची. तिचे मूळ तगाईत आहे. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांनी तगाईला कायद्याचे रूप दिले. पुरापासून शेतजमिनीचे रक्षण करण्याच्या कामांचाही पहिल्या कायद्यात समावेश होता. परंतु तगाई हे कर्ज होते. आपद्ग्रस्ताला ती आज उभे करी आणि उद्या त्याच्याकडून परतफेड मागे.

आजची मदत कर्जाच्या नव्हे, तर अनुदानाच्या स्वरूपाची आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या पक्क्या घरासाठी २०१५ ते २०२० ह्या काळात ९५,१०० रुपये ठरलेले होते. २०२२ ते २०२६ ह्या काळासाठी ही रक्कम १,२०,००० रुपये करण्यात आली. मोठ्या आपत्तीनंतर राज्य सरकार कधी कधी निकषांहून अधिक मदत जाहीर करते. परंतु ती किती व केव्हा, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरते; घरमालकाला त्यावर आधी भिस्त ठेवता येत नाही.

ही रक्कम घराच्या मोलाशी ताडून पाहिली असता तिचा हेतू स्पष्ट होतो. उदाहरणार्थ, सहाशे चौरस फुटांचे घर चौरस फुटास दोन हजार रुपये खर्चाने बांधावयाचे ठरले, तर बांधकामासच बारा लाख रुपये लागतील. १,२०,००० रुपये हा त्याचा दहावा हिस्सा झाला. म्हणजे मदत ही निवाऱ्याची तात्पुरती सोय आहे, घराची भरपाई नव्हे. आणि तिला भरपाई समजणे हा घरमालकाचा गैरसमज आहे, शासनाने दिलेले वचन नव्हे.

गेल्या चार दशकांतील घटनाक्रम पाहता ह्या गैरसमजाची किंमत लक्षात येते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या लोंढ्याने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले. जुलै २००५ मध्ये महाड पाण्याखाली गेले आणि महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर ह्या भागांत घरांची छपरे आणि सुपारीच्या बागा एकाच दिवशी गेल्या. त्यानंतर अवघ्या तेरा महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीचा उगम तेथलाच. महाड पुन्हा बुडाले आणि तळिये येथे २२ जुलै रोजी दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. एकाच तालुक्यात सोळा वर्षांच्या अंतराने दोनदा असा प्रसंग यावा, ह्याचा अर्थ असा की येथे पूर हा अपवाद नसून एका पिढीच्या आयुष्यात धरून चालण्याजोगा खर्च आहे.

६. आगविम्याच्या पोटातील पूरविमा

तिसरी रीत विम्याची. भारतात साधारण विम्याचा आरंभ १८५० साली कलकत्त्यात ट्रायटन कंपनीच्या स्थापनेपासून धरला जातो. मुंबईत १९०७ साली इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ साली सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने न्यू इंडिया ह्या कंपन्या निघाल्या. ह्या कंपन्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः गोदामे, गिरण्या, जहाजे आणि माल होते. १९७२ च्या कायद्याने साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले व १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचा व्यवसाय चार कंपन्यांत एकवटला. तरीही गृहविमा गावांपर्यंत पोचला नाही. पिकासाठी मात्र १९८५ पासून सर्वंकष पीकविमा योजना आली. कोकणातील शेतकऱ्याच्या भाताला विमा भेटला. ज्या घरात ते भात साठवावयाचे ते घर विम्याबाहेरच राहिले.

भारतात पूरविमा स्वतंत्रपणे वाढला नाही. तो आगविम्याच्या पोटात वाढला. वादळ, पूर व जलमयता ही संकटे आगविम्याला जोडून घेतली जात. २००१ च्या अखिल भारतीय आगविमा दरपत्रकात त्यांचा मूळ करारातच समावेश झाला; पण हप्ता कमी व्हावा म्हणून ती वगळण्याची मुभाही विमेदाराला होती. १ जानेवारी २००७ पासून दरपत्रकाचे बंधन उठले. शेवटी १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित योजना सर्व साधारण विमा कंपन्यांसाठी लागू केली. तळियेची दरड कोसळली तेव्हा ह्या योजनेला चार महिनेही पूर्ण झाले नव्हते.

ह्या योजनेची काही कलमे किनाऱ्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. आगीबरोबरच वादळ, पूर, जलमयता, भूकंप, जमीन खचणे व दरड ही संकटे मूळ करारात आहेत. विम्याची रक्कम जमिनीच्या बाजारभावावर नव्हे, तर घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते. घरातील सामान्य वस्तूंना घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, मात्र दहा लाख रुपयांच्या मर्यादेत, आपोआप संरक्षण मिळते. वरील उदाहरणातील बारा लाखांच्या घरामागे ते २,४०,००० रुपये होईल. घराची विमा रक्कम प्रत्यक्ष मोलाहून कमी ठरली, तर त्या प्रमाणात भरपाई कापण्याची जुनी रीत येथे लागू नाही. करार दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी करता येतो. मात्र जमीन ह्या विम्यात येत नाही. खारावलेले शेत किंवा वाहून गेलेले परसू ह्यांची भरपाई ह्या करारातून मागता येणार नाही.

७. आक्षेपांचा विचार

पूरविम्यावरील पहिला आक्षेप असा, की ज्याला पुराचे भय तोच विमा घेईल आणि त्यामुळे विमा परवडेनासा होईल. आक्षेप खरा आहे व त्याला इतिहासाचा आधारही आहे. अमेरिकेत १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर खाजगी कंपन्यांनी पूरविम्यातून बहुतांशी अंग काढून घेतले. शेवटी १९६८ साली तेथील सरकारला राष्ट्रीय पूरविमा योजना काढावी लागली, आणि १९७३ साली पूरप्रवण क्षेत्रांतील अनेक गृहकर्जांना पूरविम्याची अट जोडावी लागली. फ्रान्सने १९८२ च्या कायद्याने सर्व मालमत्ता विम्यांवर अधिभार बसवून डोंगरावरील घरमालकालाही नदीकाठच्या घरमालकाचा भागीदार केले. ब्रिटनने २०१६ साली पूरप्रवण घरांसाठी पुनर्विम्याची सामाईक संस्था उभारली. तिन्ही देशांनी एकच गोष्ट ओळखली : एकत्र बुडणाऱ्यांचे वर्तुळ अपुरे पडते, न बुडणारेही त्यात आणावे लागतात. आगविम्याच्या पोटात पूरविमा ठेवण्याच्या भारतीय रीतीने हे काम काही अंशी आपोआप होते, कारण नागपूरच्या घरमालकाचा हप्ताही त्याच कोषात जातो. परंतु विमा घेणारेच थोडे असतील, तर हे वर्तुळ कागदावरच राहते.

दुसरा आक्षेप, विम्यामुळे माणूस बेफिकीर होतो व बांधाकडे दुर्लक्ष करतो. येथे शिलोत्रीचा इतिहास उपयोगी पडतो. बांध आणि विमा हे एकमेकांचे पर्याय नाहीत. बांध लहान व वारंवार येणारे पाणी अडवितो. विमा बांधापलीकडच्या क्वचित येणाऱ्या पण सर्वनाशी पाण्यासाठी आहे. बांधाशिवाय विमा महागेल आणि विम्याशिवाय बांध पहिल्या मोठ्या खांडीला निरुपाय होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्यांची घरे कच्ची, ज्यांच्या नावावर घराचा उतारा नाही, जे भाड्याने राहतात किंवा ज्यांची वाडी वनजमिनीवर आहे, अशा कुटुंबांना व्यक्तिगत विमा सांगणे ही क्रूर थट्टा होईल. ह्या आक्षेपाला व्यक्तिगत विम्यात उत्तर नाही, आणि ते आहे असे भासविणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. अशा वस्तीसाठी सरकारी मदत आणि सुरक्षित जागी पुनर्वसन हेच मार्ग उरतात. किंबहुना ज्यांना हप्ता परवडतो त्यांनी विमा घेतल्यास मर्यादित सरकारी निधी ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यापर्यंत अधिक पोचू शकेल, हा विम्याच्या बाजूचा नैतिक युक्तिवाद आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनातून असे दिसते, की रायगड किनाऱ्यावर पुराच्या जोखमीचा भार प्रथम बांधावरील समुदायाने, नंतर शासनाने उचलला आणि आज तो, बहुधा न कळत, एकेकट्या घरमालकावर येऊन पडला आहे. समुदायाची व्यवस्था नुकसान टाळी, पण भरून देऊ शकत नसे. शासनाची व्यवस्था माणूस जगविते, पण घर उभे करीत नाही. विम्याची व्यवस्था घर उभे करू शकते. मात्र जो पूर येण्याआधी तिच्यात सामील झाला त्याचेच.

मदत मागावी लागते, भरपाई कराराने येणे असते. हा फरक शेतकरी चळवळींचा वारसा सांगणाऱ्या ह्या जिल्ह्याला समजावून देण्याची गरज नसावी; चरीच्या संपाचा आशयही कोणाच्या मर्जीवर न राहता आपला वाटा हक्काने मागण्याचाच होता. पूर्वीच्या कुळाने बिघ्यामागे मण दिला तो पुढच्या वर्षी बांध फुटेलच अशा खात्रीने नव्हे. फुटल्यास काय, ह्या विचाराने दिला. आजच्या घरमालकाला वार्षिक हप्त्याचा हिशेब करताना हीच दृष्टी उपयोगी पडेल. ग्रामपंचायती, सहकारी पतसंस्था व गृहनिर्माण संस्था यांनी सामूहिक पातळीवर हे काम हाती घेतल्यास जोळीची जुनी शिस्त नव्या रूपात पुन्हा उभी राहू शकेल. फरक इतकाच, की तेव्हा बांधावर शेजारी उभा राही. आता त्याच्या जोडीला, कधी पूर न पाहिलेला दूरचा अनोळखी घरमालकही उभा राहील.